फोन नको म्हणणारी बाई

माझ्याकडे तीसेक बायका होत्या आणि थिअरी नव्हती. सरांनी हे मला त्यांच्या केबिनमध्ये सांगितलं, दार सताड उघडं आणि बाहेर चार विद्यार्थी रांगेत उभे असताना. दोन वर्षं मी धरणगावच्या आसपासच्या खेड्यांतून फिरले होते. बायकांच्या हातात मोबाईल आल्यावर घरात काय काय हललं, हे मी त्यांना विचारत होते; ओट्यावर, गोठ्याच्या दारात, कापूस वेचणीच्या सुट्टीत बांधावर बसून. सगळ्या मुलाखती ऐकून, टाइप करून, भोकं पाडून, दोऱ्यानं बांधून मी तो गठ्ठा जळगावला सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तो मधूनच उघडला, दोन पानं वाचली आणि बंद केला.

"ह्या गप्पा आहेत," ते म्हणाले. "बायका पुष्कळ आणल्यास. थिअरी कुठंय? कुणाच्या नजरेनं बघतेयस हे सगळं?"

"माझ्याच नजरेनं, सर."

"तुझी नजर कोण विचारतंय?"

बाहेरचे विद्यार्थी हसले. त्यातल्या एकाला मी आदल्याच आठवड्यात माझ्या नोट्स दिल्या होत्या.

मला राग पटकन येतो आणि ज्याच्यावर यायला हवा त्याच्यावर तो कधीच येत नाही. सरांसमोर मी मान खाली घालून "हो सर" म्हटलं, आणि बसमध्ये बसल्यावर सगळा राग त्या तीस बायकांवर काढला. काय एकेक नग होत्या. एकीला फोन हवा होता तो नणंदेकडे आहे म्हणून. दुसरी मुलाखतभर माझ्या फोनचा कॅमेरा किती चांगला आहे तेच विचारत राहिली. सगळ्यांना फोन हवा होता, आणखी मोठा हवा होता, आणि का हवा होता यात शोधप्रबंधाच्या कामाचं एक अक्षर नव्हतं. मी त्यांना मनातल्या मनात मूर्ख म्हटलं. जिच्या घरी मी दोनदा जेवले होते तिलाही म्हटलं.

महिनाभर लायब्ररीत बसून मी नजर शोधली. ती परदेशातल्या अभ्यासकांकडून मिळाली आणि खरोखरच चांगली होती, आजही मी ती वाईट म्हणणार नाही. तंत्रज्ञान वापरणाऱ्यांकडे सगळेच बघतात, ती म्हणत होती, पण न वापरणाऱ्यांकडे बघा. ती माणसं चार तऱ्हांची. काहींनी स्वतःहून ते कधी घेतलंच नाही. काहींनी घेतलं आणि सोडलं. काहींपर्यंत ते पोचलंच नाही. आणि काहींकडून ते काढून घेतलं गेलं. सगळा प्रश्न एवढाच, की समोरचं माणूस यातलं कोणतं आहे हे ओळखायचं.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. "पहिली तऱ्हा शोध," ते म्हणाले. "खेड्यातली, न शिकलेली, आणि स्वतःच्या तोऱ्यात नको म्हणणारी बाई. बाकीच्या तीन तऱ्हा रस्त्यावर पडल्यात. ही एक सापडली तर तुझं काम झालं."

अशी बाई मिळेना. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्या सगळ्या रडत होत्या, आणि रडणारी बाई मला चालणार नव्हती. शेवटी एका गावच्या आशाताईनं सांगितलं, "एक अक्का शे आमना गावमा. तिले फोन नकोच शे म्हने. सवता सांगस ती." मी त्याच दुपारी गेले.

घर रस्त्यालगतचं, पुढे पत्र्याची पडवी. अक्का पंचावन्नच्या आतबाहेरची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या घरात राहत होती. पडवीत खाटेवर तो बसला होता. गाव त्याला आबा म्हणायचं, मीही आबाच म्हटलं. पांढराशुभ्र सदरा, हातात अडकित्ता, बोलणं अगदी अदबीचं. मी म्हटलं, मला अक्कांशी एकटीशी बोलायचंय, आमच्या अभ्यासाची तशी पद्धत असते. आबा हसले.

"बोला ना ताई. मी कोठे आडा येस? आमना घरमा दपाडानं काही नई शे."

घरात लपवायचं काही नाही म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले. मी दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. त्या क्षणी मला चहा आला आणि मी चहा प्यायले.

अक्का खाली सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी रेकॉर्डर तिच्यासमोर ठेवला आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला, तुमच्याकडे फोन का नाही. तिनं वर बघितलं नाही. शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, आणि स्पष्ट, जरा चढ्या आवाजात म्हणाली,

"माले काय करनं शे फोनले? ज्यास्नासंगे बोलनं शे, त्या बठ्ठा आठेच शेतस."

ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे इथंच आहेत. हे वाक्य मी महिनाभर लायब्ररीत बसून लिहिलं असतं तरी इतकं नेटकं आलं नसतं. आबा अडकित्ता थांबवून म्हणाले, "देखा, आयकं का ताई?" मी म्हटलं, हो आबा, ऐकलं.

आता एक सांगते, आणि हे मी प्रबंधात कुठंही लिहिलेलं नाही. मी खान्देशातलीच आहे. आमच्या जळगावच्या घरात माझे मोठे काका पुढच्या खोलीत बसायचे आणि आई त्यांच्याशी कधी थेट बोलली नाही. जेठाशी बोलायचं नाही, पण त्याला ऐकवायचं तर असतंच. मग आई माझ्याशी बोलायची, नाहीतर हातातल्या पातेल्याशी. "दूध नासलंय, आज चहा नाही," हे ती मला सांगायची आणि उठून चहाच्या टपरीवर जायचे काका. त्या बोलण्याचा आवाज वेगळा असतो. तो जरा वर चढलेला असतो, शब्द सुटे सुटे असतात आणि डोळे कामावर असतात. तो आवाज ओळखायला पुस्तक लागत नाही, तो मी चालायला लागायच्या आधी शिकले होते. अक्कानं मला उत्तर दिलंच नव्हतं. मी तिथं पातेल्याच्या जागी होते.

हे मला त्याच वेळी कळलं, की नंतर कळलं, की कळलं आणि मी ते बाजूला सारलं? मी याचं उत्तर बरेचदा बदललं आहे. आता नाही बदलत. मला त्याच वेळी कळलं होतं.

पडवीच्या खांबाला एक खिळा होता आणि त्यावर लाल लोकरीनं विणलेली छोटी पिशवी टांगलेली होती, फोन ठेवायची असते तशी, वर बटण. अक्कानं उठून तिच्यातून सुई-दोरा काढला आणि सुपाची उसवलेली कड टाचली. मी वहीत झरझर लिहिलं, की तंत्रज्ञानाचं वेष्टण हिनं रिकामं करून स्वतःच्या कामाला लावलं आहे. फोनची पिशवी आहे म्हणजे कधीतरी फोन होता, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. पण त्याच्याजवळ थिअरी नसते.

संध्याकाळी एसटीत बसून मी मुलाखतीचा तक्ता भरला. त्यात एक रकाना असतो, मुलाखतीच्या वेळी इतर कोण हजर होतं याचा. मी लिहिलं, कोणी नाही.

सर खूश झाले. त्यांनी ते वाक्य मोठ्यानं दोनदा वाचलं, अहिराणी त्यांना नीट येत नव्हती तरी, आणि शिपायाला सांगून माझ्यासाठी चहा मागवला. सरांनी माझ्यासाठी चहा मागवण्याची ती पहिली वेळ. "हिच्यावर पूर्ण प्रकरण होईल," ते म्हणाले. "पण एका भेटीवर नाही. परत जा. नकाराच्या मुळाशी जा."

म्हणून मी परत गेले. आबा घरी नव्हते, पाचोऱ्याला कुणाच्या तरी दारावर, म्हणजे मयताच्या घरी भेटायला गेले होते, आणि घरातले बाकीचे शेतात होते. अक्का मला बघून उठली. पदर खांद्यावर होता. ही दुसरीच बाई होती. आवाज हलका, बोलणं भरभर, आणि डोळे सरळ माझ्या डोळ्यांत. मी रेकॉर्डर ठेवायच्या आधीच ती सुरू झाली.

फोन होता तिला. मुलीनं आणून दिला होता, पहिल्या नोकरीच्या पगारातून, आणि पिशवीही मुलीनंच विणली होती. मुलगी अमळनेरला शिकली, तिथं एका दुकानात काम धरलं, आणि मग तिनं लग्न केलं. मुलगा बौद्ध घरातला, धुळ्याला शाळेत शिक्षक. चांगला, शिकलेला, निर्व्यसनी. आबांना यातलं काही ऐकायचं नव्हतं.

"ती गयी त्या दिन आबास्नी मना हातमातीन फोन लयी लिधा," अक्का म्हणाली. "मंग बठ्ठास्नी तिना नावनी आंघोय करी. माले बी करनी पडनी."

जिवंत मुलीच्या नावानं घरानं आंघोळ केली आणि ती मेली असं ठरवलं. त्यानंतर घरात कुणी तिचं नाव काढायचं नाही. आबांनी अक्काला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. ते तिच्यासमोर पाहुण्यांना फक्त सांगायचे, आमच्या अक्काला फोनचा भारी कंटाळा, तिला नकोच असतो. पाहुणे अक्काकडे बघायचे आणि अक्काला काहीतरी बोलावं लागायचं. बोलून बोलून तिचं ते वाक्य घासून गुळगुळीत झालं होतं. म्हणून तर ते इतकं नेटकं आलं होतं.

गावात येणाऱ्या कासारणीकडून तिला कळलं होतं, की मुलीला सातवा महिना आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आपल्याकडे. ह्या मुलीला माहेर नव्हतं.

"तिना नंबर माले पाठ शे," अक्का म्हणाली आणि तिनं तो म्हटला, दहाच्या दहा आकडे, एका लयीत. मुलीनं तो तिच्याकडून पाठ करून घेतला होता, कारण अक्काला वाचता येत नव्हतं. रोज पीठ मळताना ती तो म्हणत असे. मग ती माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "एक डाव लायी द्या ना ताई. तुमना फोनवर. मी काहीच बोलनार नई. तिना आवाज आयकसू नि ठेई दिसू."

फोन माझ्या हातातच होता. रेंज चांगली होती. घरात कुणी नव्हतं. मला फक्त आकडे दाबायचे होते.

मी म्हटलं, "अक्का, आमच्या नियमात नाही बसत ते. हा अभ्यासाचा फोन आहे."

असा कुठलाही नियम नाही. तो फोन माझाच होता, सकाळीच मी त्याच्यावर आईशी अर्धा तास भांडले होते. पण मी तो लावून दिला असता तर अक्का फोन न वापरणारी बाई राहिली नसती. ती माझ्या हातानं पहिल्या तऱ्हेतून उठून चौथ्या तऱ्हेत गेली असती, आणि तिथं रडणाऱ्या बायकांची आधीच गर्दी होती. माझं प्रकरण, सरांनी मागवलेला चहा, माझी सुटका, सगळं त्या दहा आकड्यांवर अडलं होतं. मी स्वतःला सांगितलं, की संशोधकानं हस्तक्षेप करू नये. हे मात्र पुस्तकात खरंच लिहिलेलं असतं.

अक्कानं हुज्जत घातली नाही. "मंग राहू द्या," म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला वळली. खेड्यातल्या बायका इतक्या लवकर ऐकून घेतात, की त्याचाही मला रागच येतो. ती भांडली असती तर कदाचित मी लावून दिला असता. हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणते आहे हे मला माहीत आहे.

आणि याहून नीच गोष्ट मी पुढच्या मिनिटात केली. रेकॉर्डर चालू होता, म्हणून मी तिच्या पाठीला प्रश्न विचारला. "अक्का, समजा फोन लागलाच असता, तर तुम्ही न बोलता तिला कळलं असतं?"

ती वळली नाही. "कयतं ना. मी नई बोलनू तरी तिले कयतं, माय शे म्हनीसन."

मी वहीत त्या उत्तरापुढे चांदणी काढली.

घरी आल्यावर मी सगळे नियम पाळले. नंबर वहीत लिहिला गेला होता, तो जाड काळ्या स्केचपेननं खोडला, कारण उत्तरदात्याची ओळख पटेल असं काही ठेवायचं नसतं. कागदाच्या पाठीमागूनही दिसू नये म्हणून मागूनही खोडला. दुसऱ्या भेटीचं रेकॉर्डिंग मी टाइप केलं नाही. सरांना सांगितलं, की दुसऱ्यांदा गेले तेव्हा अक्का आजारी होती, आणि त्यांनी एका भेटीवरच प्रकरण मान्य केलं. कासारणीला गाठून धुळ्याला निरोप पाठवणं मला जमलं असतं. महिनाभरानं मी स्वतः धुळ्याला एका परिषदेला गेले, तीन दिवस राहिले. निबंध वाचला, त्यात ते वाक्य होतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या प्रकरणाचं नाव मी 'नकार' ठेवलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी ते मांडीवर उघडून धरलं होतं. त्या म्हणाल्या, आपण ग्रामीण स्त्रीला नेहमी वंचित म्हणून बघतो, तू तिला कर्ती म्हणून बघितलंस. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. माझेही आले. तेव्हा मला वाटलं ते आनंदानं आले. लाजेनं आले असते तर मी बाई बरी निघाले असते.

डॉक्टरेट मिळाली, धुळ्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली, आणि मी मुलांना संशोधनपद्धती शिकवायला लागले. सर मला ज्या सुरात बोलायचे त्याच सुरात मी वर्गात बोलते, हे माझ्या लक्षात आलं होतं. मुलं घाबरतात आणि काम वेळेवर देतात. थिअरीशिवाय नुसत्या गप्पा आणणाऱ्या एका मुलीला मी अख्ख्या वर्गासमोर विचारलं, की तुझी नजर कोण विचारतंय. ती रडली. मला बरं वाटलं होतं.

दरवर्षी मी 'नकार' प्रकरणाच्या झेरॉक्स वाटते, थिअरी हातात घेऊन माणसाकडे कसं बघावं याचा नमुना म्हणून. गेल्या वर्षी वर्गात एक जरा मोठी बाई होती, तिशीच्या पुढची. शाळेत शिकवणाऱ्या नवऱ्यानं आग्रहानं पुढे शिकायला घातलेली. मागच्या बाकावर बसायची, कधी काही विचारायची नाही. त्या दिवशी झेरॉक्स वाचून झाल्यावर सगळे गेले आणि ती बसून राहिली. मी डस्टर पिशवीत घालत होते.

"मॅडम," ती जवळ येऊन म्हणाली, "ह्यात लाल लोकरीची पिशवी आहे. वर बटण असलेली."

मी म्हटलं, "हो."

"ती मी विणली होती."

तिनं हे शांतपणे सांगितलं. मी डस्टर परत टेबलावर ठेवलं. गावाचं नाव मी बदललं होतं, वय बदललं होतं, शेंगांच्या जागी तूर केली होती. पिशवी ठेवली होती, कारण पिशवीवरचा परिच्छेद फार छान उतरला होता.

ती उभ्याउभ्याच बोलली. लग्नानंतर दोन वर्षं ती आईच्या नंबरवर फोन लावत राहिली, तो बंद यायचा. गावी जायची सोय नव्हती. एकदा चुलतभाऊ धुळ्याला येऊन नवऱ्याला मारहाण करून गेले होते. बाळंतपणाला इथल्या सासूनं सगळं केलं, काही कमी पडू दिलं नाही. पण आईला नंबर पाठ आहे, आई कुठून तरी लावेल, असं तिला वाटत राहिलं. अजूनही वाटत होतं. मुलगी आता दुसरीत आहे. दर आखाजीला, लेकी माहेरी येतात त्या दिवशी, ती मुलीला घेऊन अमळनेरच्या स्टँडपर्यंत जायची, धरणगावची गाडी लागलेली बघायची आणि परत यायची.

मग तिनं झेरॉक्सवरच्या त्या वाक्यावर बोट ठेवलं. ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे इथंच आहेत.

"हे आई खरंच बोलली? असंच?"

"शब्दन् शब्द," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"जवळ कुणी होतं का, मॅडम? मोठे बाबा होते का तिथं? आबा?"

बिचारीनं अगदी नेमका प्रश्न विचारला. माझ्या सगळ्या परीक्षकांपैकी एकालाही तो सुचला नव्हता. वर्ग रिकामा होता, पंखा चालू होता, आणि मला फक्त "हो" म्हणायचं होतं. पण माझी बढतीची फाईल त्याच महिन्यात वर गेली होती, त्या प्रकरणाचं झालेलं पुस्तक जोडून. आणि खरं सांगायचं तर फाईल नसती तरी मी काय केलं असतं सांगता येत नाही. इतकी वर्षं एक गोष्ट लिहिली, छापली, शिकवली, की ती तशीच घडली असं तोंड आपोआप सांगतं.

"नाही," मी म्हटलं. "एकट्याच होत्या. मी खास एकटीला भेटले होते."

तिनं मान हलवली. रडली नाही, ओठ आत घेतले फक्त. "बरं झालं विचारलं," म्हणाली. "मी उगाच आशेवर होते." मग झेरॉक्सची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, की गृहपाठ कधीपर्यंत द्यायचा. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी.

त्या रविवारी मी गावच्या आशाताईला फोन केला. माझ्याकडे तिचा नंबर होता, तो मी कधीच खोडला नव्हता. तिनं सांगितलं, आबांना अर्धांगवायू झालाय, वर्षभर अंथरुणावर आहेत, बोलता येत नाही, अक्काच त्यांचं सगळं करते. घरात आता कुणाचा वचक नाही. आबांची सून चांगली आहे, तिच्याकडे फोन आहे. "अक्का मांगे इचारी राह्यंती," आशाताई म्हणाली, "त्या जयगावनी ताई कव्हय येतीस म्हने. सुनले सांगाले तिले लाज वाटस. तुम्हना हाते एक फोन लावना शे म्हने."

मी म्हटलं, बघते, परीक्षा संपल्या की येते. आशाताई म्हणाली, या. मी फोन ठेवला आणि उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या. परीक्षा संपून आता बरेच दिवस झाले आहेत.

गृहपाठ होता, की आपल्या ओळखीतलं तंत्रज्ञान न वापरणारं एक माणूस घ्या आणि थिअरीच्या आधारानं त्याच्याकडे बघा. शनिवारी सगळ्यांनी दिले. तिचा दोन पानांचा होता, अक्षर गोल, वळणदार. तिनं आई घेतली होती. आईनं फोन स्वतःहून नाकारला, असं तिनं मांडलं होतं. तो नाकारताना आईनं कुणाकुणाला नाकारलं, तेही लिहिलं होतं, कुठंही गळा न काढता, चारही तऱ्हा नीट तपासून. वर्गात इतकं स्वच्छ काम दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. शेवटी तिनं लिहिलं होतं, की लग्नाआधीचा नंबर मी इतकी वर्षं केवळ आईला पाठ आहे म्हणून दुसऱ्या एका जुन्या फोनमध्ये चालू ठेवला होता, तो फोन रोज उशाशी चार्ज करून ठेवत असे, आणि या अभ्यासानंतर मी तो नंबर कायमचा बंद केला.

मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'उत्तम निरीक्षण'.